गणितात पीएचडी करायची आहे, पण पैशाचं काय?

अनुस्वार:
नमस्कार. बऱ्याच दिवसांपासून वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच.

एमएस्सी होत आली. बीजगणितातच पुढे काम करायचंय, हे गेल्या दोन वर्षांत पक्कं झालं आहे. एका परदेशी विद्यापीठाने पीएचडीला प्रवेश दिला आहे. मार्गदर्शकही मला हवे तसेच मिळाले आहेत. अडचण एकच: पत्रात खाली बारीक अक्षरांत 'विद्यार्थ्याने स्वतःच्या खर्चाने' असं लिहिलंय. फी आणि राहण्याखाण्याचा खर्च दोन्ही माझेच. बाबा म्हणतात कर्ज काढू. मला त्यावर झोप लागत नाही.

म्हणून शिष्यवृत्त्यांची एक मोठी यादी करायला घेतली. ती दीडशेच्या वर गेली. त्यातल्या निम्म्याअधिक माझ्या विषयाला किंवा माझ्या नागरिकत्वाला लागूच नाहीत. शिवाय चाळीस प्राध्यापकांना मेल केले: 'तुमच्याकडे निधी आहे का?' उत्तरं आली तीन. त्यातलं एक 'शुभेच्छा' एवढंच.

मी काही चुकीचं करते आहे का? बाकीच्यांनी पैसा कसा उभा केला?

मूळसंख्या:
अनुस्वार, अभिनंदन आधी. प्रवेश मिळाला म्हणजे तयारी आहे, पैशाच्या गोंधळात ते विसरू नकोस.

आता चुकतंय कुठे ते. 'निधी आहे का' हा मेल तू बहुतेक रसायनशास्त्रातल्या किंवा जीवशास्त्रातल्या एखाद्या मित्राकडून शिकलीस. त्यांचं बरोबर असतं. तिथे प्राध्यापकाची प्रयोगशाळा असते, तिला मोठं अनुदान असतं, त्यातून विद्यार्थ्याचा पगार निघतो. गणितात, त्यातही शुद्ध गणितात, प्रयोगशाळा नाही. प्राध्यापकाच्या अनुदानातून फार तर प्रवास, पाहुणे आणि एखादा उन्हाळा निघतो. पाच वर्षं विद्यार्थी पोसण्याइतका पैसा बहुतेकांच्या हातात नसतोच. म्हणून उत्तरं येत नाहीत. उद्धटपणा नाही तो, त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

मग पैसा येतो कुठून? शिकवण्यातून. अभियांत्रिकीपासून अर्थशास्त्रापर्यंत सगळ्यांना कॅल्क्युलस आणि रेषीय बीजगणित लागतं. हजारो पोरांचे पेपर तपासायला, उदाहरणांचे तास घ्यायला विभागाला माणसं हवी असतात. ती माणसं म्हणजे पीएचडीचे विद्यार्थी. अमेरिकेत मी असंच केलं. प्रवेशाच्या पत्रातच टीएशिप, म्हणजे शिकवण्यात मदत करायची नोकरी, होती: फी माफ, महिन्याला स्टायपेंड, आठवड्याला वीस तासांपर्यंत काम. पैशासाठी वेगळा अर्ज केलाच नाही. तिथे प्रवेशाचा अर्ज हाच निधीचा अर्ज असतो, आणि निर्णय एकटा प्राध्यापक घेत नाही, विभागाची समिती घेते.

तेव्हा तुझ्या यादीतल्या दीडशे शिष्यवृत्त्या बाजूला ठेव. यादी करायची तर 'पीएचडीच्या विद्यार्थ्यांना पैसे देणारे गणित विभाग' अशी कर.

निवांत_बसलेला:
वाचतोय. वाचनखूण साठवली.

आडवाट:
मूळसंख्या म्हणतात ते अमेरिकेपुरतं शंभर टक्के खरं. पण युरोपात चित्र उलटं आहे, तेव्हा प्राध्यापकांना मेल करणं सरसकट मोडीत काढू नका.

मी जर्मनीत केलं. तिथे पीएचडी ही बऱ्याचदा नोकरी असते. जाहिरात निघते, अर्ज करायचा, मुलाखत, मग करार. पगार सरकारी श्रेणीप्रमाणे, टीव्ही-एल मधली ई-१३. कुठे ६५ टक्के पद, कुठे ७५, कुठे पूर्ण. कर कापला जातो, आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाचीही कपात पगारातूनच होते. जागा एकेका प्राध्यापकाच्या गटाची असते. म्हणजे त्या माणसाला लिहिणं इथे कामाचं आहे, फक्त मेल 'निधी आहे का' असा नको. 'तुमच्या अमुक शोधनिबंधातलं तमुक प्रमेय मी प्रबंधात वापरलं, त्यात इथे अडले, तुमच्या गटात जागा निघणार आहे का' असा हवा. चाळीस नाही, आठ पाठवा. पण आठही वेगळे.

गटाच्या बाहेर पदवी-शाळा असतात. बर्लिन मॅथेमॅटिकल स्कूल २००६ साली तिथल्या तीन विद्यापीठांनी मिळून काढली. बॉनला गणिताची माक्स प्लांक संस्था आहे, गणिती हिर्झेब्रुखनी १९८० मध्ये सुरू केलेली. तिच्याशी जोडलेली पदवी-शाळाही आहे.

नेदरलँड्समध्येही कर्मचारी म्हणूनच घेतात, साधारण चार वर्षं. नॉर्वेत तीन वर्षं, किंवा चौथं वर्ष जोडून एक चतुर्थांश वेळ शिकवायचं. स्वीडनमध्ये शिकवणं वगैरे जास्तीत जास्त वीस टक्के, तितका कालावधी वाढतो. जाहिराती युरॅक्सेस या संकेतस्थळावर येतात. पण बऱ्याच फक्त विभागाच्या पानावर लावतात आणि महिन्याभरात उतरवतात. मी दर सोमवारी सकाळी पंचवीस पानं उघडून बघायचो. कंटाळवाणं काम, पण जागा तशीच सापडली.

एक गोष्ट: युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स लागतं. अमेरिकेत बीएस्सीनंतरही थेट जाता येतं. तुझं मास्टर्स होतंय, तेव्हा दोन्ही दारं उघडी आहेत.

अनुस्वार:
मूळसंख्याताई, आडवाटदादा, खूप आभार. दोघांची उत्तरं वाचून डोकं जरा ताळ्यावर आलं.

मला ज्यांनी प्रवेश दिलाय ते ब्रिटनचं विद्यापीठ आहे. तिथे कसं असतं? मला वाटलं होतं की प्रवेश मिळाला की पैसाही कधीतरी पाठोपाठ येतो.

रेषाखंड:
नाही येत. ब्रिटनमध्ये प्रवेश आणि पैसा हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि बहुतेक लोक याच खड्ड्यात पडतात. तुझं पत्र सांगतं की तू शैक्षणिकदृष्ट्या पात्र आहेस. पैशाची समिती वेगळी बसते, बऱ्याचदा आधीच बसून गेलेली असते. मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. तू त्यानंतर अर्ज केला होतास का?

तिथला मुख्य पैसा सरकारी संशोधन परिषदांचा, म्हणजे यूकेआरआयचा. साधारण साडेतीन वर्षं, फी भरतात आणि करमुक्त स्टायपेंड देतात. २०२५-२६ साठी किमान स्टायपेंड वर्षाला २०,७८० पौंड होता. पूर्वी बाहेरच्या देशांतल्यांना हे जवळपास बंदच होतं. २०२१ पासून अशा जागांपैकी ३० टक्क्यांपर्यंत बाहेरच्यांना देता येतात. पण मेख अशी की परिषद फी देते ती स्थानिक दराने. बाहेरच्या विद्यार्थ्याची फी त्याच्या कितीतरी पट असते. मधला फरक विद्यापीठ माफ करतं की नाही, हे प्रत्येक विभागाला विचारावं लागतं. अगदी असं विचार: 'परदेशी फीचा फरक कोण भरतं?' गोल उत्तर आलं तर समज की तूच भरणार आहेस.

याशिवाय केंब्रिजची गेट्स शिष्यवृत्ती ब्रिटनबाहेरच्या कुठल्याही देशाच्या नागरिकाला चालते, ऑक्सफर्डची क्लॅरेंडन सगळ्यांनाच. दोन्हींत स्पर्धा भयंकर आहे. त्यांवर भिस्त ठेवू नये, पण अर्ज करायला वेगळं फारसं लागत नाही, मग सोडायचं कशाला.

चक्रमपंत:
सगळे एकाच सुरात बोलताहेत म्हणून थोडा बेसूर लावतो. स्वखर्चाने पीएचडी म्हणजे काय गुन्हा आहे का? मार्गदर्शक हवे तसे मिळालेत म्हणते आहे. चांगला मार्गदर्शक हा पैशापेक्षा मोठा. कर्ज काढतात लोक एमबीएला, मग गणिताला का नको?

मूळसंख्या:
पंत, एमबीएनंतर कर्ज फिटेल असा पगार मिळण्याची शक्यता असते म्हणून लोक काढतात. गणितात पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉक, म्हणजे संशोधनाच्या तात्पुरत्या नोकऱ्या, त्याही एकामागून एक, निरनिराळ्या देशांत. त्या पगारातून घर चालतं, कर्ज फिटत नाही.

आणि पैशापलीकडचंही आहे. ज्या विभागाने तुझ्यावर एक रुपयाही लावलेला नाही, त्याला तू चौथ्या वर्षी अडकलीस तर काय फरक पडतो? टीए असलेल्याला विभाग नोकर म्हणून तरी ओळखतो. शिकवण्याचा अनुभव मिळतो, तो पुढच्या प्रत्येक अर्जात लागतो. स्वखर्चाचा विद्यार्थी बऱ्याचदा शिकवायलाही मिळत नाही म्हणून रिकाम्या बायोडाटाने बाहेर पडतो.

पोटमाळा:
पंत, मी केलंय हे. स्वखर्चाने. दोन वर्षं.

थोडं कर्ज, थोडी शनिवार-रविवारची नोकरी. पहिल्या वर्षी वाटलं जमतंय. पण गणित हे तुकड्यातुकड्यात होत नाही हो. रविवारी रात्री थकून बसून स्पेक्ट्रल सीक्वेन्स उलगडत नाही. सोमवारी उठून पुन्हा शुक्रवारपासून सुरुवात. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठात गेले. ज्यांना विभागाचा पैसा होता त्यांची सोय लावली गेली, मला सांगितलं 'तुम्ही ठरवा'. मी ठरवलं. आज सॉफ्टवेअरमध्ये आहे, बरं चाललंय, पण कर्जाचा शेवटचा हप्ता गेल्या वर्षी गेला आणि त्या दिवशी काही आनंद वगैरे झाला नाही.

मार्गदर्शक चांगले होते. अजूनही मेल करतात.

चक्रमपंत:
पोटमाळा, माफ करा, थट्टेच्या सुरात लिहिलं होतं. मुद्दा मागे घेतो. (अर्धा.)

जुनी_वही:
पैशाचा विषय निघालाच आहे तर दोन जुन्या गोष्टी.

थोर जर्मन गणिती गाउसची पीएचडी, म्हणजे हेल्मस्टेट विद्यापीठाची १७९९ची, मुळात एका राजाच्या खिशातून झाली. ब्रन्सविकचा ड्यूक त्याला शाळकरी वयापासून पैसे देत होता. डॉक्टरेट कर हाही ड्यूकचाच आग्रह. प्रबंधाचा विषय बीजगणिताचं मूलभूत प्रमेय, म्हणजे अनुस्वारच्याच अंगणातला. १८०६ मध्ये ड्यूक नेपोलियनविरुद्धच्या लढाईत जखमी होऊन वारला. पुढच्याच वर्षी गाउस ग्योटिंगेनच्या वेधशाळेत नोकरीला लागला. थोडक्यात, गणिताच्या राजकुमारालाही एकाच दात्यावर विसंबणं परवडलं नाही.

दुसरी रामानुजनची. १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने त्याला महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. पदवी नसताना. त्याआधी तो पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करत होता. त्या वृत्तीने त्याची कारकुनी सुटली आणि दिवसभर गणित करता आलं. पोटमाळा यांनी लिहिलंय त्याची ही दुसरी बाजू.

मूळसंख्या:
ड्यूकवरून आठवलं. कुठलाही प्रस्ताव आला की एक प्रश्न विचारायचा: हा माणूस गेला, बदलला किंवा त्याचं अनुदान संपलं तर माझं काय? विभागाने दिलेली हमी आणि एका प्राध्यापकाच्या अनुदानातून आलेला पैसा यांत हाच फरक.

पत्र वाचायचं कसं तेही सांगते, कारण हे कोणी शिकवत नाही. 'पाच वर्षांचं सहाय्य' आणि 'समाधानकारक प्रगती असल्यास पाच वर्षांपर्यंत सहाय्य' ही दोन वाक्यं एक नाहीत. दुसऱ्यात प्रगती कोण ठरवतं, पात्रता परीक्षा किती वेळा देता येते, हे विचारायचं. स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा? अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी नऊच असतो आणि उन्हाळ्यात पहिल्या वर्षीचे विद्यार्थी हवेवर जगतात. फी माफ म्हणजे सगळी माफ की शिक्षण शुल्क तेवढंच आणि बाकी किरकोळ शुल्कं तुमच्या माथी? आरोग्य विमा कुणाचा? आठवड्याला किती तास, आणि त्यात तपासणीचे तास धरलेत का? मी पहिल्या सत्रात 'दहा तास' या शब्दावर भुलले होते. दहा तास वर्गातले. तपासणी वेगळी.

सगळ्यात उपयोगी उत्तरं विभागातल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून मिळतात. त्यांना लिहा. ते प्राध्यापकांपेक्षा लवकर उत्तर देतात आणि खरं सांगतात.

आणि घाई करू नका. अमेरिकेत बहुतेक विद्यापीठांनी १५ एप्रिलचा ठराव मान्य केलाय. निधीसह आलेल्या प्रस्तावाला त्याआधी उत्तर द्यायची सक्ती ते करू शकत नाहीत. कुणी 'चार दिवसांत कळवा' म्हणालं तर नम्रपणे त्या ठरावाची आठवण करून द्यायची.

कंसातला:
मेरी क्युरीच्या नावाने युरोपियन युनियनचे जे डॉक्टरल नेटवर्क आहेत, त्यांचा कुणी उल्लेख केला नाही. पगार तिथे चांगला. विषय बहुधा उपयोजित गणिताकडे झुकलेले, पण शुद्ध गणितही अधूनमधून असतं. एका नियमावर मात्र लोक आपटतात: ज्या देशात जागा आहे तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. माझ्या मैत्रिणीने ज्या देशात मास्टर्स केलं तिथलीच जागा मनात धरून ठेवली होती. बाद. शेजारच्या देशात मात्र तीच पात्र ठरली.

शुद्ध आणि उपयोजित यात पैशाचा फरक आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. संख्याशास्त्र, इष्टतमीकरण, क्रिप्टोग्राफी, संगणनात्मक गणित यांत प्रकल्पांची अनुदानं असतात, त्यातून विद्यार्थी घेतले जातात. फ्रान्समध्ये सिफ्र नावाची योजना १९८१ पासून आहे. कंपनी नोकरीवर ठेवते, सरकार कंपनीला अनुदान देतं आणि पीएचडी विद्यापीठातून होते. नुसत्या पैशासाठी विषय बदलू नये असं माझं मत, पण बीजगणितवाल्याने कोडिंग थिअरीकडे (प्रोग्रॅमिंग नव्हे, संदेशातल्या चुका पकडणाऱ्या संकेतांचं गणित) एकदा मान वळवून बघायला काय हरकत आहे?

अनुस्वार:
कोडिंग थिअरीचा एक कोर्स केलाय. आवडला होता, पण ते 'खरं' बीजगणित नाही असं आमच्या सरांचं मत. आता त्या मताची किंमत कळते आहे.

रेषाखंड, अर्ज मार्चमध्ये केला होता. म्हणजे पैशाची गाडी जाऊन दोन महिने झाल्यावर.

भारतातल्या भारतात करायचं ठरवलं तर?

तिसरी_घंटा:
तर चित्र सोपं आहे. सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली की पैसा तुमच्याबरोबर चालतो, संस्था कुठलीही असो. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. गणितासाठी खास म्हणजे एनबीएचएम, अणुऊर्जा विभागाखालचं राष्ट्रीय उच्च गणित मंडळ, १९८३ पासूनचं. त्यांची स्वतःची लेखी परीक्षा आणि मुलाखत असते. पेपर नेटपेक्षा वेगळ्या वळणाचा. पाठांतराला जागाच नाही, उदाहरण शोधा किंवा खोडून काढा असा. मुंबईची टीआयएफआर, चेन्नईचं मॅट्सायन्स वगैरे संशोधनसंस्थांत प्रवेशाबरोबरच विद्यावेतन असतं. म्हणजे मूळसंख्यांचा मुद्दा इथेही लागू.

तक्रार एकच, ती सगळ्यांना माहीत आहे: पैसा कधीकधी महिनोन्‌महिने येत नाही. पहिल्या वर्षाला पुरेल एवढी गाठ बांधून ठेवा.

कंसातला:
आणि तयारी कमी वाटत असेल त्यांच्यासाठी: इटलीत त्रिएस्तला आयसीटीपी ही संशोधनसंस्था आहे, अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये उभी केलेली. तिथे विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी गणिताचा वर्षभराचा डिप्लोमा असतो, खर्च संस्थेचा. तिथली शिफारस घेऊन लोक चांगल्या पीएचडीला जातात. आंतरराष्ट्रीय गणित संघाची ब्रेकआउट फेलोशिपही आहे, विकसनशील देशातच पीएचडी करणाऱ्यांसाठी. गणितातलं पहिलं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालेल्या पाच जणांनी, त्यात टेरेन्स ताओही होते, बक्षिसातले पैसे काढून दिले त्यातून ती सुरू झाली. आजचे ड्यूक म्हणायचे.

आडवाट:
शिफारसपत्रांवर कुणी बोललं नाही म्हणून. अमेरिका असो की युरोप, गणिताच्या समित्या गुणपत्रिकेनंतर आधी हीच वाचतात. 'माझ्या वर्गात पहिली आली' हे पत्र निरुपयोगी, ते गुणपत्रिकेतच दिसतं. 'तिने अमुक लेमाची सिद्धता स्वतः शोधली, आणि माझ्या सिद्धतेतली चूक दाखवली' हे पत्र पैसे मिळवून देतं. असं लिहू शकतील असे तिघे आत्ताच गाठा. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विचारलं तर तीच तीन ओळींची साचेबंद पत्रं मिळतात.

अर्जाची फी जड जात असेल तर ती माफ करायची विनंती करा. बऱ्याच विभागांकडे ती सोय असते, पण पानावर लिहीत नाहीत.

पोटमाळा:
अनुस्वार, एक विचारू? त्या ब्रिटनच्या मार्गदर्शकांना तू सरळ लिहिलंस का, की पैशाशिवाय येणं शक्य नाही? मी कधी लिहिलं नाही. मला लाज वाटायची.

अनुस्वार:
नव्हतं लिहिलं. तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री लिहिलं.

आज उत्तर आलं. ते म्हणतात प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल. पैशाचं आश्वासन देता येत नाही, पण डिसेंबरच्या मुदतीत अर्ज केला तर विभागाच्या यादीत माझं नाव ते स्वतः पुढे करतील. परदेशी फीच्या फरकाबद्दल विचारलं, त्यावर 'विभागप्रमुखांना विचारून सांगतो' असं आलंय. रेषाखंड, हे गोल उत्तर की सरळ?

रेषाखंड:
अर्धगोल. दोन आठवड्यांनी पुन्हा विचार.

अनुस्वार:
बरं. कर्जाचा अर्ज बाबांनी आणला होता, तो कपाटात ठेवलाय. आता आठ विभाग निवडलेत: चार अमेरिकेतले, दोन जर्मनीतले, एक नेदरलँड्समधला आणि हे ब्रिटनचं. शिवाय एनबीएचएमचा पेपर. शिफारसपत्रांसाठी तिघांना मेल केले. त्यातल्या एका सरांचं उत्तर लगेच आलं, कोडिंग थिअरीला नाक मुरडणाऱ्या: 'देतो. पण गेल्या वर्षीच का नाही मागितलंस?'